वारूंगाला जाताना: सिडनीच्या उत्तरेकडच्या धारेवर एक दिवस

सिडनीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज आणि बाँडायचा किनारा दाखवला जातो. त्यानंतरचे शनिवार-रविवार किराणा, मॉल आणि ओळखीच्या घरी जेवण यांत जातात. भारतातून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले की दुसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतो, आता यांना कुठे न्यायचं? गर्दी नको, चढउतार फार नको, तिकीट महाग नको, बसायला सावली हवी. अशा वेळी वारूंगा डोळ्यांसमोर ठेवा. शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटरवरचं, मोठ्या झाडांचं, जुन्या बंगल्यांचं हे शांत उपनगर. नावाचा उच्चार वा-रूं-गा, जोर मधल्या अक्षरावर. स्थानिक आदिवासी भाषेतला हा शब्द असून त्याचा अर्थ 'आमचं घर' असा सांगितला जातो.

निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल: वारूंगा डोंगराच्या धारेवर वसलंय. आपल्याकडे किल्ल्याला जाताना लांबच लांब सोंड लागते, तशीच एक सोंड चॅट्सवुडपासून हॉर्न्सबीपर्यंत गेली आहे. तिच्या माथ्यावरून रेल्वे आणि पॅसिफिक हायवे जातात. माथ्यावर शेल खडकापासून झालेली खोल, चिकण माती आहे, दोन्ही बाजूंच्या उतारांवर वालुकाश्म. समुद्रावरून येणारे ढग सुमारे २०० मीटर उंचीच्या या धारेवर जास्त पाऊस टाकतात. खोल माती आणि भरपूर पाऊस, म्हणून माथ्यावर प्रचंड उंच झाडं. उतारावर घरं बांधणं अवघड, म्हणून तिथलं रान अजून शाबूत. स्टेशन माथ्यावर असल्यामुळे जाताना सगळा उतार आणि परतताना सगळा चढ. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर ही शेवटची बाब विसरू नका. 'एवढं तर चाललो' म्हणत खाली उतरलेला माणूस वर येताना थकतो.

दिवस कोणता निवडायचा

ऋतू उलटे आहेत हे माहीत असतं, पण फुलांचं वेळापत्रक लक्षात राहत नाही. नीलमोहर, म्हणजे इथला जॅकरांडा, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. साधारण दिवाळीच्या आसपास रस्त्यांवर जांभळा सडा पडलेला असतो. त्या सड्यावरून मुलांना अनवाणी पळू देऊ नका, गळलेल्या फुलांत मधमाश्या असतात. पाऊस पडून गेलेला असेल तर फुलं चिखलासारखी घसरडी होतात, तेव्हा आजी-आजोबांच्या पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. अझेलिया सप्टेंबरमध्ये फुलते, कॅमेलिया जून ते ऑगस्टच्या थंडीत. पानगळीचे तांबडे-पिवळे रंग एप्रिल-अखेर ते मे. लिक्विडांबर आणि मेपल ही झाडं इथली नाहीत, बाहेरून आणून लावलेली आहेत. मूळची गम झाडं, म्हणजे आपल्या निलगिरीचे भाऊबंद, वर्षभर हिरवी असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे महिना निवडावा असं आमचं मत. ऊन कोवळं, डास कमी, साप सुस्त आणि रंग भरपूर.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जायचं असेल तर सकाळी आठला पोहोचा आणि अकराला सावलीत बसा. या काळात सिकाडा किड्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. ते ऐकणं हाही एक अनुभव आहे, पण 'शांत उपनगर' या शब्दांवर विसंबून आलेले गोंधळतात. हिवाळ्यात पहाटे शहरापेक्षा इथे दोन-चार अंश तरी जास्त गारठा असतो, आणि जूनमध्ये पाचच्या आत सूर्य मावळतो. रानातली वाट त्याआधीच अंधारते.

वार निवडताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. खाली ज्या रोझ सायडलर हाऊसबद्दल सांगितलं आहे, ते सर्वसाधारण लोकांसाठी रविवारी दहा ते चार उघडं असतं. पण शनिवार-रविवारीच रेल्वेचं दुरुस्तीकामही निघतं. त्या दिवशी गाड्या बंद ठेवून बस सोडतात आणि पाऊण तासाच्या प्रवासाला दीड तास लागतो. नवख्यांचा दिवस बिघडण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. म्हणून आदल्या रात्री ट्रान्सपोर्ट एनएसडब्ल्यूच्या (न्यू साउथ वेल्स राज्याच्या वाहतूक खात्याच्या) ट्रिप प्लॅनरमध्ये नेमकी तारीख आणि वेळ घालून बघा. नुसतं 'वारूंगा' टाकून मिळालेला मार्ग आजचा असतो, उद्याचा नव्हे.

गाडी कोणती, बसायचं कुठे

टी-१ ही लाइन. सेंट्रल, टाउन हॉल किंवा विनयार्डवरून नॉर्थ शोअरमार्गे हॉर्न्सबी किंवा बेरोव्राला जाणारी गाडी धरा. फलाटावरच्या पडद्यावर फक्त शेवटचं स्टेशन वाचून चढू नका, खाली सरकणारी थांब्यांची यादी वाचा. काही गाड्या अलीकडच्याच स्टेशनांवर संपतात आणि मग पुढच्या गाडीची वाट बघत थांबावं लागतं. गॉर्डन, पिंबल, टुरामरा, वॉरावी, वारूंगा हा क्रम पाठ करा. वॉरावी गेलं की उठायचं. सेंट्रलपासून साधारण पाऊण तास.

गाडी दुमजली असते. वरच्या मजल्यावर बसा. विनयार्डनंतर गाडी हार्बर ब्रिजवर येते तेव्हा डाव्या खिडकीतून बंदराचा पश्चिमेकडचा भाग आणि उत्तर काठाला लूना पार्क हे करमणूक उद्यान मोकळं दिसतं. ऑपेरा हाऊस उजवीकडे आहे, पण मध्ये मोटारींच्या लेन आणि पुलाचं लोखंड येतं. त्यामुळे फोटो हवा असेल तर जाताना डावीकडे बसा, ऑपेरा हाऊससाठी वेगळा दिवस ठेवा.

ऑगस्ट २०२४ पासून मेट्रो शहराच्या पोटातून धावते. बरंगारू किंवा मार्टिन प्लेसजवळ राहणाऱ्यांनी मेट्रोने चॅट्सवुड गाठून तिथे टी-१ पकडली तर वेळ वाचतो. पुलावरचं दृश्य मात्र हुकतं, कारण मेट्रो बंदराच्या खालून बोगद्याने जाते. पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिलकडून येणाऱ्यांना दोन वाटा आहेत. एक, टी-१ ने शहरातून वळसा घालून. दुसरी, स्ट्रॅथफील्डला उतरून टी-९ ने एपिंगमार्गे हॉर्न्सबी, आणि तिथून शहराकडे येणाऱ्या टी-१ ने उलटं दोन स्टेशनं: वैटारा, मग वारूंगा. बहुतेक वेळा दुसरी वाट सोयीची पडते. हॉर्न्सबीला लिफ्ट, स्वच्छतागृह आणि मोठं मॉल आहे, त्यामुळे लहान मूल किंवा व्हीलचेअर सोबत असेल तर तिथला थांबा कामी येतो.

भाड्याचं थोडक्यात. ओपल कार्ड (इथल्या सार्वजनिक वाहतुकीचं कार्ड) किंवा बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं. चढताना टॅप, उतरताना टॅप. उतरताना विसरलात तर त्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. सकाळी फोनने टॅप केलं आणि संध्याकाळी त्याच खात्याच्या प्लास्टिक कार्डाने केलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं होतात आणि दोन अपुरे प्रवास मोजले जातात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. एका कार्डावर चौघं जात नाहीत. चार वर्षांखालचं मूल फुकट, चार ते पंधरा वर्षांच्या मुलाला चाइल्ड ओपल घ्या, कारण बँकेच्या कार्डाने टॅप केलं की मोठ्यांचं भाडं पडतं. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना आधार कार्ड किंवा पासपोर्टवरच्या वयाने सवलत मिळत नाही, त्यांनाही साधं प्रौढ भाडंच.

मोटारीने येणाऱ्यांसाठी चार सूचना. पेनंट हिल्सकडून येताना नॉर्थकनेक्सचा ९ किलोमीटरचा बोगदा वारूंगाला निघतो आणि त्याला टोल आहे. भाड्याच्या गाडीचं टोल-शुल्क नंतर कार्डावर येतं. दुकानांजवळच्या पाट्या वाचा, '२पी' म्हणजे दोन तास. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी मोकळी दिसते, पण तिच्यावर गाडी लावणं बेकायदा आहे, तसंच वाहतुकीच्या उलट दिशेला तोंड करून लावणंही. शाळेच्या दिवसांत सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४ शाळांसमोर वेगमर्यादा ४० किलोमीटर असते. वारूंगात नॉक्स आणि ॲबट्सली या दोन मोठ्या जुन्या शाळा आहेत, त्यामुळे तीनच्या सुमाराला रस्ते आणि गाड्या दोन्ही मुलांनी भरतात. त्या वेळी परतीला निघू नका.

उतरल्यावर: उद्यान, बंगले आणि कौलं

हायवेच्या विरुद्ध बाजूला बाहेर पडा. समोर वारूंगा पार्क. पहिला अर्धा तास इथेच द्या, पुढे पळण्याची घाई करू नका. मधला चौथरा, मुलांची खेळायची जागा, बाकं, आणि देशोदेशीची जुनी झाडं शेजारी शेजारी. सतरंजी घेऊन आलात तर गम झाडाच्या थेट फांद्यांखाली अंथरू नका. या झाडांची मोठी फांदी वारा नसतानाही, कडक उन्हाच्या दिवशीसुद्धा, अचानक तुटून पडते. लिक्विडांबर किंवा जॅकरांडाची सावली बरी. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी येऊच नका: २१ जानेवारी १९९१ ला आलेल्या वादळाने याच धारेवरची असंख्य झाडं घरांवर आणि विजेच्या तारांवर पाडली होती.

स्टेशनजवळ कूननबॅरा रोड आणि रेल्वे ॲव्हेन्यूवर दुकानं आणि कॅफे आहेत. कॅफेंचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो आणि स्वयंपाकघर दुपारी दोन-तीनला बंद होतं. आपल्या सवयीने अडीचला जेवायला गेलात तर फक्त केक आणि कॉफी मिळेल. शाकाहारी माणसांनी मागवताना 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून थांबू नये. अंडं खात नसाल तर तेही सांगा, कारण इथे अंडं शाकाहारातच धरतात. चीज-टोमॅटोची टोस्टी, भाजलेल्या भाज्यांचा सँडविच, बनाना ब्रेड (यात बहुधा अंडं असतं) हे पर्याय जवळपास सगळीकडे मिळतात. घरून मेथीचे ठेपले किंवा दशम्या, चटणी आणि दह्याचा डबा आणलात तर उद्यानात बसून खायला काहीच हरकत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकामी बाटली पुरेशी.

मग कूननबॅरा रोडने बर्न्स रोडकडे चालू लागा. हा या गावाचा गाभा आहे. १ जानेवारी १८९० ला हॉर्न्सबी ते सेंट लेनर्ड्स रेल्वे सुरू झाली, त्याआधी इथे लाकूडतोडे आणि फळबागा होत्या. रेल्वेनंतर शहरातल्या पैसेवाल्यांनी मोठमोठे तुकडे घेऊन बंगले बांधले. त्यातले बरेच 'फेडरेशन' शैलीचे. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती १९०१ मध्ये एक राष्ट्र झाल्या, त्याच्या आगेमागे पंचवीस वर्षांतली ही घरं. ओळखायची कशी? लाल विटेच्या भिंती, रुंद व्हरांडा, व्हरांड्याला लाकडी नक्षी, खिडक्यांत रंगीत काचा, आणि उतरतं लाल कौलारू छप्पर.

त्या कौलांकडे मराठी माणसाने जरा थांबून बघावं. कोकणात आणि गोव्यात ज्यांना आपण मंगळुरी कौलं म्हणतो, त्यांचं मूळ फ्रान्समधल्या मार्सेय गावच्या कौलांत आहे. मंगळूरला बासेल मिशनने एकोणिसाव्या शतकात त्या घाटाची कौलं बनवायला सुरुवात केली. त्याच मार्सेयहून कौलं जहाजाने सिडनीला येत होती आणि पहिल्या महायुद्धात ती आयात अडली तेव्हा इथेही बनू लागली. त्यामुळे पन्हाळी, खाचा, एकमेकांत अडकणं, सगळं ओळखीचं दिसतं. राजापूरच्या घराची आठवण वारूंगात यावी याला इतकं साधं, मातीचं कारण आहे.

बघायचं ते फूटपाथवरूनच. फाटकाच्या आत पाऊल टाकू नका, कुंपणाबाहेर आलेलं कॅमेलियाचं फूल किंवा लिंबू तोडू नका, आणि घराच्या खिडकीकडे कॅमेरा रोखून उभे राहू नका. रस्त्याचा, झाडांचा, छपरांचा फोटो काढायला कुणी आडकाठी करत नाही. समोरून येणारा अनोळखी माणूस 'मॉर्निंग' म्हणेल, उलट म्हणा. फोन स्पीकरवर ठेवून भारतात बोलणं टाळा. रस्ता इतका शांत असतो की चार घरांपलीकडे ऐकू जातं.

इथून जवळच क्लीव्हलँड स्ट्रीट आणि स्टुअर्ट स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर एक स्मारक आहे. बहुतेक जण त्याच्यासमोरून न बघता जातात. २२ सप्टेंबर १९१८ रोजी ब्रिटनकडून ऑस्ट्रेलियाला थेट आलेला पहिला बिनतारी संदेश याच जागी, बिनतारी क्षेत्रातले अर्नेस्ट फिस्क यांच्या घरी, टिपला गेला. वेल्समधल्या मार्कोनी कंपनीच्या केंद्रावरून तो पाठवला होता आणि मजकूर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांचा होता. तोवर असे निरोप समुद्राखालच्या तारांवरून, टप्प्याटप्प्याने यायचे. आज आपण इथल्या बाकावर बसून पुण्याला व्हिडिओ कॉल लावतो, त्या धाग्याचं एक टोक या कोपऱ्यात आहे.

रोझ सायडलर हाऊस

जुन्या बंगल्यांनंतर हे बघावं, आधी नाही. कौलारू, जड, सजवलेली घरं डोळ्यांत ताजी असताना क्लिसोल्ड रोडच्या उतारावर पांढरा, सपाट छपराचा, खांबांवर उचललेला पेटीसारखा आकार दिसतो आणि त्या वेळी शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते कळतं. वास्तुविशारद हॅरी सायडलर व्हिएन्नात जन्मले, अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले, आणि ऑस्ट्रेलियात येऊन पहिलं घर बांधलं ते आई-वडिलांसाठी, १९४८ ते १९५० मध्ये. रोझ हे आईचं नाव. वास्तुकलेचा १९५१ चा सुल्मन पुरस्कार या घराला मिळाला. आत गेल्यावर तीन गोष्टी शोधा: बाहेरच्या मोकळ्या गच्चीवरचं सायडलर यांनी स्वतः रंगवलेलं भित्तिचित्र, त्यातलेच रंग घरातल्या पडद्यांत आणि फर्निचरमध्ये कसे फिरतात ते, आणि काचेच्या भिंतींतून दिसणारं कुरिंगाई चेस राष्ट्रीय उद्यानाचं रान.

स्टेशनपासून अंतर सुमारे तीन किलोमीटर, आणि धारेचा नियम इथेही लागू: जाताना सोपं, येताना दमवणारं. रविवारी बस कमी असतात. चालू शकणाऱ्यांनी चालत जावं आणि परतताना टॅक्सी किंवा उबर बोलवावी. ज्येष्ठ सोबत असतील तर दोन्ही वेळा गाडी. उघडण्याच्या वेळा घर चालवणाऱ्या म्युझियम्स ऑफ हिस्ट्री एनएसडब्ल्यूच्या संकेतस्थळावर त्याच सकाळी बघून घ्या.

झाडं ओळखायला शिका

वारूंगाची खरी श्रीमंती बंगल्यांत नाही, झाडांत आहे. धारेवरच्या मूळ जंगलाला 'ब्लू गम हाय फॉरेस्ट' म्हणतात. ते फक्त शेलच्या मातीवर, वर्षाला १०५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथेच वाढतं. म्हणजे नेमकं तिथे, जिथे रेल्वे, हायवे आणि घरं बांधली गेली. मूळच्या जंगलापैकी ५ टक्क्यांहूनही कमी उरलं असून ते अतिसंकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे. एखाद्याच्या परसात उभा असलेला ४० मीटर उंच ब्लू गम हा त्या जंगलाचा शिल्लक तुकडा असतो. म्हणूनच स्वतःच्या आवारातलं मोठं झाड तोडायलासुद्धा कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, परवानगी लागते. इथे घर भाड्याने घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

ओळख सोपी आहे. सिडनी ब्लू गमच्या बुंध्याला खाली खरखरीत सालीचा मोजा असतो आणि वर गुळगुळीत, निळसर-पांढरं खोड सरळ आभाळात जातं. ब्लॅकबटचा काळपट, धागेदार मोजा बराच वरपर्यंत, जवळपास अर्ध्या खोडापर्यंत चढतो. आपल्या निलगिरीचेच हे भाऊबंद. पान चुरगाळून वास घेतलात की पटेल. आता उताराने खाली जा आणि खोडं बदलतात का ते बघा. गुळगुळीत, गुलाबी-नारिंगी, वाकडीतिकडी, जणू मेण वितळून साचल्यासारखी खोडं दिसू लागली की समजा, पायाखाली वालुकाश्म आला. हा अँगोफोरा, लोक त्याला सिडनी रेड गम म्हणतात. माती कुठे बदलली हे नकाशाशिवाय झाडावरून सांगता येतं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

ही झाडं आपोआप वाचलेली नाहीत. याच परिसरातल्या ॲनी वायट यांनी झाडं तोडली जाताना पाहून १९२० च्या दशकात शेजाऱ्यांना एकत्र आणलं, आणि पुढे १९४५ मध्ये वारसा जपणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल ट्रस्टची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. घनदाट ब्लू गम जंगल बघायचं असेल तर सेंट आयव्हजजवळचं डॅलरिंपल-हे नेचर रिझर्व्ह आहे, आणि मोना व्हेल रोडवरचं १२३ हेक्टरांचं कुरिंगाई वाइल्डफ्लॉवर गार्डन, जिथे प्रवेश विनामूल्य आहे. दोन्हीसाठी वेगळा दिवस आणि शक्यतो मोटार ठेवा.

रानात उतरायचं असेल तर

कुरिंगाई चेस हे १८९४ साली राखलेलं रान आता राष्ट्रीय उद्यान आहे. वारूंगाच्या उत्तर टोकाला ग्रोव्हनर स्ट्रीटच्या शेवटी गिबरागाँग वाट सुरू होते आणि खाडीकाठच्या बॉबिन हेडला जाते. एका बाजूने सहा-सात किलोमीटर, पायऱ्या, दगड, ओढ्याकाठचा ओला भाग. सिंहगड नेहमी चढणाऱ्याला कठीण नाही, पण साडी किंवा चपलेत जमणारी ही वाट नव्हे. तीन तास धरा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि बॉबिन हेडहून परत कसं यायचं ते आधी ठरवा. तिथे उभं राहून टॅक्सी शोधण्याच्या भरवशावर निघू नका. एक जण मोटार घेऊन थेट बॉबिन हेडला जाऊन थांबला तर सगळ्यांत उत्तम. उद्यानात मोटार नेण्याला रोजचं शुल्क आहे. तिथे खारफुटीतून जाणारी लाकडी वाट सपाट असून ज्येष्ठांनाही झेपते. सार्वजनिक बार्बेक्यूच्या तव्यावर आधी कुणीतरी मांस भाजलेलं असतं. शाकाहारी कुटुंबांनी जाड ॲल्युमिनियम फॉइलची गुंडाळी सोबत ठेवावी आणि दुहेरी पसरून त्यावर कणसं, पनीर, बटाटे भाजावेत.

'टोटल फायर बॅन', म्हणजे वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग पेटवायला बंदी, असेल त्या दिवशी रानात जाऊ नका. आग उतारावरून वर चढताना वेग घेते, आणि घरं धारेवर, म्हणजे नेमकी तिच्या वाटेत. अशा दिवशी उद्यान बंदही ठेवतात. दिवाळीत फटाके आणण्याचा विचार असेल तर तोही सोडा, परवान्याशिवाय फटाके बाळगणं या राज्यात गुन्हा आहे.

कशाला घाबरायचं, कशाला नाही

पायाजवळून सरकणारी जाड, आखूड पायांची, निळी जीभ दाखवणारी सापसुरळी निरुपद्रवी आहे, तिला जाऊ द्या. पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवा गोंगाट करतात आणि पिशवी उघडतात. कुकाबरा हा आपल्या खंड्याच्या कुळातला पक्षी, हातातला घास उचलून नेण्यात पटाईत. लहान मुलाच्या हातात खाणं देऊन त्याला एकटं उभं करू नका. पाखरांना पोळी-भात घालू नका, त्यांना ते बाधतं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काळा-पांढरा मॅगपाय घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झेपावतो. टोपी घाला, चष्मा लावा, पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून चालत दूर व्हा. वटवाघूळ जमिनीवर पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मेलेलं असलं तरीही.

फनेलवेब कोळी मात्र गांभीर्याने घ्या. काळा, तुकतुकीत, दमट मातीत बीळ करून राहणारा. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, विशेषतः पावसानंतर, नर बाहेर फिरतात आणि बाहेर काढून ठेवलेल्या बुटांत शिरतात. चावला तर चावलेल्या जागेपासून सुरू करून पूर्ण हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्ट गुंडाळा, मुरगळल्यावर बांधतात तितका घट्ट. काठीचा आधार देऊन अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि ट्रिपल झिरोला, ००० वर, फोन करा. चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं यांतलं काहीही नको. १९८१ पासून प्रतिविष उपलब्ध आहे आणि तेव्हापासून या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झालेला नाही, म्हणून घाबरण्यापेक्षा पट्टी जवळ असणं महत्त्वाचं. साप चावल्यावरही हीच पद्धत. जवळचं सरकारी रुग्णालय हॉर्न्सबीला आहे. आई-बाबांचा प्रवास विमा आणि पॉलिसी क्रमांक तुमच्या फोनमध्ये असू द्या.

ऊन हा त्याहून रोजचा धोका. यूव्ही (अतिनील किरणांचा) निर्देशांक ३ किंवा त्याहून वर असला की सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी हवी. उन्हाळ्यात तो ११ च्या पुढे जातो. सावळ्या कातडीला लागत नाही ही समजूत चुकीची आहे. भाजल्याची लाली दिसत नाही एवढंच.

आणि गोचीड. दमट झुडपांतून, उंच गवतातून गेलात की अंगावर चढते, चावताना कळत नाही. लांब बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, वाटेच्या मधून चालणं, एवढ्याने बहुतेक टळते. घरी पोहोचल्यावर कपडे थेट धुवायला टाका आणि कानांच्या मागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेला, लहान मुलांच्या मानेवर बोट फिरवून बघा. सापडली तर चिमट्याने ओढू नका, नखाने खरवडू नका. दाबली गेली की ती लाळ आत सोडते आणि तीच ॲलर्जीचं कारण ठरते. औषधांच्या दुकानात गोचीड गोठवणारा ईथरचा फवारा मिळतो, तो जागेवरच मारा आणि ती आपोआप गळून पडेपर्यंत थांबा. चेहरा सुजला, श्वास लागला तर वाट बघू नका, लगेच ००० लावा. जळू लागली असेल तर चिमूटभर मीठ पुरे.

बूट बाहेर व्हरांड्यात ठेवू नका. झटकून आत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी घालण्याआधी पुन्हा एकदा उलटे करून झटका.